सीएचमॉड रिव्ह्यू: आकडे सोडा, अक्षरं वापरा

लिनक्सवर फाइलच्या परमिशन बदलायची कमांड म्हणजे सीएचमॉड. तिचा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही कारण ती सिस्टिमबरोबरच येते, पैसे पडत नाहीत, कोणी जाहिरात करत नाही, त्यामुळे ती चांगली की वाईट असा विचारच कोणी करत नाही. मी कॉलेजच्या लॅबचे सर्व्हर सांभाळते, शिवाय काही संस्थांच्या वर्डप्रेस साइट माझ्याकडे आहेत, म्हणजे दिवसातून एकदा तरी ही कमांड हाताखालून जातेच. आणि माझं ठाम मत असं आहे की टूल एक नंबर आहे पण आपल्याकडे क्लासमध्ये, व्हिडिओत, हॉस्टेलवर सीनियरकडून ते ज्या पद्धतीने शिकवलं जातं ती पद्धत बदलायला हवी. सगळे आकड्यांपासून सुरू करतात. ४ म्हणजे रीड, २ म्हणजे राइट, १ म्हणजे एक्झिक्यूट, बेरीज करा, ७५५ लिहा, नाही चाललं तर ७७७ मारा. इथेच सगळी गडबड होते.

मी जे वापरते ते उबुंटूवरचं (उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार), जीएनयू कोअरयुटिल्स या कमांडच्या संचातलं सीएचमॉड. मॅकवरचं बीएसडी घराण्यातलं आहे, रोजचं काम तेच करतं पण ऑप्शन वेगळे, त्यामुळे खालचं सगळं मॅकवर जसंच्या तसं चालेल असं धरून चालू नका.

कमांड किती जुनी आहे हे सांगायलाच हवं. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स केलं, म्हणजे लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती सिस्टिम, त्याचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं, त्यात सीएचमॉड आहे! तेव्हा फाइलचा मालक आणि बाकीचे असे दोनच गट होते, मधला ग्रुप नंतर आला. एवढ्या वर्षांत कॉम्प्युटरमध्ये काय काय बदललं, पण आज माझ्या लॅबमधलं पोरगं जी कमांड टाइप करतं ती मुळात तीच आहे. मालक, ग्रुप, बाकीचे, आणि प्रत्येकाला वाचायचं, लिहायचं, चालवायचं हे तीन हक्क. नऊ खुणा, बस्स. एलएस -एल, म्हणजे फाइलची सविस्तर यादी, मारलं की डावीकडे त्या नऊ खुणा दिसतात आणि दोन सेकंदात कळतं कोणाला काय करता येतं. विंडोजमध्ये प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी, मग अॅडव्हान्स्ड, मग इनहेरिटन्स असं करत करत चौथ्या खिडकीत पोचेपर्यंत आपण कशासाठी आलो होतो तेच विसरतं, त्यापुढे हा साधेपणा खरंच सुखाचा आहे.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. सिस्टिम हे तिन्ही गट एकत्र करून बघत नाही. तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाच्या तीन खुणा बघते आणि थांबते. मालकाला रीड नाही आणि बाकी जगाला आहे अशी फाइल असेल तर जग वाचू शकतं पण मालक नाही. मालक परमिशन बदलून घेऊ शकतो हा भाग वेगळा, पण सिस्टिमला पहिला जो गट लागू पडला तोच खरा. हे डोक्यात बसलं की अर्धे घोळ आपोआप सुटतात.

आता मुख्य मुद्दा, आकडे आणि अक्षरं. आकडा दिला की नऊच्या नऊ खुणा एकदम पुसून नव्या लिहिल्या जातात. तुम्हाला फक्त स्क्रिप्ट चालवण्याजोगी करायची होती आणि तुम्ही ७५५ दिलंत, तर आधी ती ६०० असेल, म्हणजे फक्त तुमच्यासाठी असेल, ती आता सगळ्या यूजरना वाचता येते. त्यात डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला असेल तर झालंच. तेच 'सीएचमॉड यू+एक्स बॅकअप.एसएच' असं लिहिलं की मालकाला एक्झिक्यूट मिळतो आणि बाकी आठ खुणांना हात लागत नाही. जेवढं हवं तेवढंच बोलायचं आणि तेवढंच घडतं, अक्षरांची खरी ताकद ही आहे. यू म्हणजे मालक, जी ग्रुप, ओ बाकीचे, ए सगळे. अधिक, उणे, बरोबर. 'जीओ-डब्ल्यू' लिहिलं की मालक सोडून सगळ्यांचं राइट गेलं. 'ओ=' लिहून पुढे काहीच नाही लिहिलं की बाकीच्यांचं सगळंच गेलं. आणि माझं सगळ्यात आवडतं 'जी=यू', म्हणजे मालकाला जे आहे तेच ग्रुपला द्या, मग मालकाला काय आहे हे तुम्हाला माहीत असायचीही गरज नाही, प्रत्येक फाइलला तिच्या तिच्या हिशोबाने लागतं. आकड्यांत एका फटक्यात हे होतच नाही.

एक बारीक भाग लक्षात ठेवा, नुसतं '+एक्स' लिहिलं, त्याआधी यू जी ओ ए काही नाही, तर सीएचमॉड तुमचा यूमास्क, म्हणजे नव्या फाइलला कुठल्या खुणा द्यायच्या नाहीत याची सेटिंग, बघतं आणि यूमास्कने अडवलेल्या खुणा देत नाही. म्हणून यूमास्क ०२२ असताना '+डब्ल्यू' लिहिलं तर फक्त मालकाला राइट मिळतं. हे डिझाइन चांगलंच आहे, चुकून जगाला राइट जात नाही, पण माहीत नसेल तर माणूस चक्रावतो. स्पष्ट 'ए+डब्ल्यू' लिहिलं तर मात्र सगळ्यांना मिळतं.

७७७ बद्दल मी चिडून लिहिणार आहे. एका होस्टिंगवाल्यांच्या सपोर्टने माझ्याकडच्या एका संस्थेला फोनवर सांगितलं की फोटो अपलोड होत नसतील तर अपलोड्स फोल्डरला ७७७ द्या. काय म्हणजे! ७७७ म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही यूजरला, आणि त्या यूजरच्या नावाने चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला, तिथे फाइल टाकायची, बदलायची, काढून टाकायची मुभा. शेअर्ड होस्टिंगवर शेजारच्या साइटमध्ये कोणी घुसलं तर तुमचं फोल्डर त्याला मोकळं मिळू शकतं. वर्डप्रेसला फोल्डर ७५५ आणि फाइल ६४४ पुरतात, डब्ल्यूपी-कॉन्फिग या पासवर्डवाल्या सेटिंग फाइलला त्याहून कमी. अपलोड होत नसेल तर नव्वद टक्के वेळा भानगड मालकाची असते, म्हणजे फाइल एका यूजरच्या आणि पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्यावर चालतं ते, चालतंय दुसऱ्याच यूजरच्या नावाने, आणि त्याला औषध सीएचओन म्हणजे मालक बदलायची कमांड आहे, सीएचमॉड नाही. उलट जिथे अपॅची या वेब सर्व्हरचं सुएक्झेक, म्हणजे स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या नावाने चालवणारा भाग, लावलेलं असतं तिथे मालक सोडून इतरांना राइट असलेली स्क्रिप्ट तो चालवतच नाही, म्हणजे ७७७ दिल्यावर साइट सुरू व्हायच्या ऐवजी ५०० चा एरर येतो.

आता एक केस जरा सविस्तर सांगते कारण ही लॅबमध्ये वारंवार येते. पोरांनी स्वतःच्या होम फोल्डरमध्ये प्रोजेक्टची साइट ठेवलेली, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावलेला, ब्राउझरमध्ये ४०३ फॉरबिडन. "मॅडम, फाइलला ७७७ देऊन बघितलं, फोल्डरला पण दिलं, तरी ४०३ च येतंय." येणारच. वाड्यातल्या आतल्या खोलीचं दार सताड उघडं टाकलं पण दिंडी दरवाजालाच कुलूप असेल तर पाहुणा खोलीत पोचणार कसा? लिनक्समध्ये फाइलपर्यंत जाताना वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्सची खूण लागते. फोल्डरवरचा एक्स म्हणजे चालवणं नाही, आत पाऊल टाकणं. आर असेल तर आतल्या नावांची यादी मिळते, एक्स असेल तर आत जाता येतं, दोन्ही वेगवेगळे.

आणि उबुंटूने २१.०४ पासून नवीन यूजरचं होम फोल्डर ७५० ने बनवायला सुरुवात केली, आधी ते ७५५ असायचं. निर्णय अगदी योग्य, एकाचं होम दुसऱ्याने का बघावं? पण जुने व्हिडिओ बघून साइट लावणाऱ्यांना त्याने दगा दिला, कारण एनजिनएक्स तिथे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या यूजरने चालतो, तो मालक नाही, ग्रुपमध्ये नाही, बाकीच्यांत मोडतो आणि बाकीच्यांना तिथे शून्य. हे शोधायला नेमआय नावाची छोटी कमांड आहे, 'नेमआय -एल' आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ. ती रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, फाइलपर्यंतचं प्रत्येक फोल्डर एकाखाली एक दाखवते, परमिशनसकट, मालकासकट. वरून खाली वाचत या, रूटला ठीक, होमला ठीक, आणि पोराच्या नावाच्या ओळीवर शेवटच्या तीन खुणा डॅश डॅश डॅश. तिथेच सापडलं. उत्तम उपाय म्हणजे साइट व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये हलवा. ते नको असेल तर होमला 'ओ+एक्स' द्या, आर नाही, फक्त एक्स, म्हणजे लोकांना यादी दिसत नाही पण नाव माहीत असलेल्या फाइलपर्यंत जाता येतं. आणि आधी मारलेले सगळे ७७७ काढा, हे मी उभं राहून करून घेते.

आता डॅश कॅपिटल आर, म्हणजे रिकर्सिव्ह, आतलं सगळं एकदम. फार उपयोगी आणि तेवढंच घातकी. फोल्डरला एक्स लागतो, साध्या फाइलला लागत नाही, मग आकडा देऊन सगळ्याला ७५५ केलं की फोटो, पीडीएफ, टेक्स्ट सगळं एक्झिक्यूटेबल होतं, आणि ६४४ केलं की फोल्डरचे एक्स जातात आणि आत जाणंच बंद. यावर सीएचमॉडमध्ये सुंदर तोडगा आहे तो म्हणजे कॅपिटल एक्स. तो फक्त फोल्डरला, किंवा आधीच कोणाला तरी एक्झिक्यूट असलेल्या फाइलला लागतो, बाकी फाइल सोडून देतो. 'सीएचमॉड -आर यू=आरडब्ल्यूएक्स,जीओ=आरएक्स' लिहायचं, त्यातला आर ऑप्शन कॅपिटल आणि दोन्ही एक्स कॅपिटल, की आख्खी साइट एका ओळीत नीट होते. फक्त आधीच कोणी सगळ्या फाइलना ७७७ मारून ठेवलं असेल तर कॅपिटल एक्सला त्या सगळ्या चालणाऱ्या फाइल वाटतात, तेव्हा फाइंड कमांड वापरून टाइप डी म्हणजे फोल्डरना ७५५ आणि टाइप एफ म्हणजे फाइलना ६४४ असं वेगवेगळं करावं लागतं.

तक्रारी आहेत, आणि पहिली मोठी आहे. फाइल काढून टाकणारी आरएम कमांड रूट फोल्डरवर रिकर्सिव्ह चालवायला बाय डिफॉल्ट नकार देते, प्रिझर्व्ह-रूट तिथे आधीपासून चालू. सीएचमॉडमध्ये तोच ऑप्शन आहे पण डिफॉल्ट बंद! का? रूट यूजरने, म्हणजे सगळे हक्क असलेल्या अॅडमिनने, डॉटच्या (चालू फोल्डर) जागी चुकून स्लॅश (रूट फोल्डर) लिहिला आणि आख्ख्या सिस्टिमला ७७७ गेलं तर ते मशिन हातचं गेलं असं समजा. रूटच्या हक्काने काम करू देणाऱ्या सुडो कमांडवरची सेटयूआयडीची खूण, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या हक्काने चालवणारी खूण, आकड्यामुळे पुसली जाते म्हणून सुडो चालत नाही, दुसऱ्या मशिनवरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचच्या चाव्या (की फाइल) जगाला उघड्या म्हणून एसएसएच लॉगिन नाकारतं, आणि पूर्वी काय परमिशन होत्या याची कुठेच नोंद नाही. अनडू नाही. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर आरपीएम या पॅकेज सांभाळणाऱ्या टूलकडून पॅकेजच्या मूळ परमिशन परत लावता येतात तरी, उबुंटू डेबियनवर तशी सोय नाही, बॅकअप नाहीतर नवीन इन्स्टॉल. ड्राय रन पण नाही, म्हणजे काय बदलेल ते आधी दाखव असं सांगता येत नाही. डॅश सी दिला तर जे बदललं ते दाखवतं, पण बदलून झाल्यावर.

म्हणून माझी सवय अशी की मोठ्या फोल्डरवर रिकर्सिव्ह चालवायच्या आधी 'गेटएफएसीएल -आर' या परमिशनची यादी देणाऱ्या कमांडचा आउटपुट एका फाइलमध्ये टाकून ठेवायचा, आर इथेही कॅपिटल. काही बिघडलं तर त्याच जागी उभं राहून 'सेटएफएसीएल --रिस्टोर' ला ती फाइल द्यायची, सगळ्या परमिशन पूर्ववत. हे सीएचमॉडच्या स्वतःच्या आत असायला हवं होतं.

लॅबमध्ये सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट म्हणजे ग्रुप फोल्डर. चार पोरांचा प्रोजेक्ट, एकाने फाइल बनवली, दुसऱ्याला सेव्ह करता येत नाही, मग भांडणं, मग पेन ड्राइव्ह. चौघांचा ग्रुप बनवा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करा, आणि त्यावर 'जी+एस' द्या. आता आत जी नवी फाइल बनेल ती बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रुपची न होता फोल्डरच्या ग्रुपची होते, आत नवीन फोल्डर केलं तर त्याला पण ती खूण आपोआप लागते. यूमास्क ००२ असेल तर ग्रुपला राइटही मिळतं. ०२२ असेल तर मिळत नाही आणि पोरं म्हणतात जी+एस चालत नाही, तेव्हा आधी यूमास्क बघा. यात जीएनयूवाल्यांनी एक समजूतदारपणा केलाय, नंतर कोणी त्या फोल्डरला ७७५ असा आकडा दिला तरी ती एसची खूण पुसली जात नाही. काढायचीच असेल तर स्पष्ट 'जी-एस' म्हणा, नाहीतर आकड्याच्या आधी दोन शून्यं लावून पाच आकडे लिहा.

सबमिशनच्या फोल्डरला टी, म्हणजे स्टिकी बिट. फाइल डिलीट करायचा हक्क फाइलवर नसतोच, तो फोल्डरच्या राइटवर असतो, त्यामुळे तुमची फाइल ४४४ म्हणजे रीड-ओन्ली असली तरी फोल्डरमध्ये राइट असलेला दुसरा विद्यार्थी ती उडवू शकतो. '+टी' दिला की फाइलचा मालक, फोल्डरचा मालक आणि रूट सोडून कोणी ती काढू शकत नाही. टेम्प फोल्डर १७७७ असतं ते याचसाठी, आणि सगळ्यांना राइट द्यायचीच वेळ आली तर ती अशी या टीसकट द्यायची.

दोन एरर वेगळे ओळखा. परमिशन डिनाइड म्हणजे त्या फाइलपर्यंत पोचायचा किंवा तिच्यावर ते काम करायचा हक्क नाही. सीएचमॉड करताना ऑपरेशन नॉट परमिटेड आला तर बहुतेक वेळा तुम्ही मालक नाही, आणि परमिशन फक्त मालक किंवा रूट बदलू शकतो, ग्रुपमध्ये असून उपयोग नाही. रूटलाही हाच एरर आला तर एलएसएटीटीआर ही फाइलच्या जादा खुणा दाखवणारी कमांड करून बघा, कोणीतरी आय खूण लावून फाइल गोठवलेली असू शकते.

आणि कधी कधी सीएचमॉड एरर न देता काहीच करत नाही. फॅट किंवा एक्सफॅटचा पेन ड्राइव्ह असेल तर तिथे या परमिशन साठवायची जागाच नाही. डब्ल्यूएसएलवर, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सवर, सी ड्राइव्हच्या फाइलला पण तेच, ऑटोमाउंटमध्ये मेटाडेटा ऑप्शन चालू केल्याशिवाय खूण टिकत नाही. टर्मक्समध्ये, म्हणजे अँड्रॉइडवरच्या टर्मिनल अॅपमध्ये, फोनच्या स्टोरेजवर स्क्रिप्ट ठेवून एक्स देत बसू नका, टर्मक्सच्या स्वतःच्या होममध्ये आणा. डब्ल्यूएसएलवर हे सगळ्यात जास्त टोचतं ते क्लाउडच्या की फाइलमुळे, डाउनलोड्समध्ये ठेवलेली की फाइल एसएसएचला दिल्यावर मोठ्या अक्षरांत अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल अशी वॉर्निंग येते, तुम्ही ६०० करता आणि पुन्हा तीच वॉर्निंग. की फाइल लिनक्सच्या होममध्ये डॉट एसएसएच फोल्डरमध्ये कॉपी करा, फोल्डर ७००, की फाइल ६००, चालू.

माउसने करणाऱ्यांसाठी फाइलझिला या सर्व्हरवर फाइल चढवायच्या (एफटीपी) प्रोग्रॅममध्ये फाइलवर राइट क्लिक करून चौकोनात टिक करायची सोय आहे, खाली आकडा पण दिसतो, फक्त फाइलना लावा किंवा फक्त फोल्डरना लावा असंही निवडता येतं. ज्यांच्याकडे एफटीपी सोडून काही नाही त्यांनी खुशाल तेच वापरावं.

नऊ खुणांत न मावणारी गरज पण असते. या एकाच जादा यूजरला आत येऊ दे, बाकी कोणालाच नाही, हे सीएचमॉडला सांगताच येत नाही. वरच्या होम फोल्डरच्या केसमध्ये 'ओ+एक्स' देण्यापेक्षा सेटएफएसीएल या एकेका यूजरला वेगळी परमिशन देणाऱ्या कमांडने फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला एक्स देणं जास्त नेटकं. तसं केलं की एलएस -एल मध्ये नऊ खुणांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसतं, आणि तिथून पुढे सीएचमॉड जपून वापरायचं, कारण मधल्या तीन खुणा आता ग्रुपच्या राहत नाहीत, मास्कच्या होतात, म्हणजे ग्रुपला आणि अशा जादा यूजरना जास्तीत जास्त काय मिळेल त्याची मर्यादा. होम आणखी सुरक्षित करावं म्हणून कोणी त्याला ७०० दिलं तर मास्क शून्य होतो, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाची नोंद तशीच लिहिलेली दिसते पण गेटएफएसीएलमध्ये तिच्यापुढे इफेक्टिव्ह डॅश डॅश डॅश असं येतं, आणि साइट परत ४०३. 'जी+एक्स' दिला की मास्क उघडतो आणि साइट लगेच चालू होते.